खरा मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून: बेझियन फिल्टर नीट शिकवण्याची पद्धत

निविदेचं उत्तर, मुलाखतीची वेळ कळवणारा मेल किंवा तपासणीचा अहवाल स्पॅमच्या फोल्डरात पडून राहिला, तर नुकसान होतं आणि ते बहुतेक वेळा उशिरा कळतं. उलट लॉटरीचा एखादा मेल इनबॉक्सात आला तर तो पुसायला दोन सेकंद पुरतात. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, हे मनात पक्कं करूनच फिल्टरच्या आकड्यांना हात लावावा.

इथली पद्धत छोट्या कार्यालयाचा स्वतःचा मेलसर्व्हर समोर ठेवून लिहिली आहे. दहा-वीस खाती, आणि स्पॅमअसॅसिन किंवा बोगोफिल्टर यांपैकी एक फिल्टर. घरी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, कारण त्यातला जंक फिल्टर याच बेझियन तत्त्वावर चालतो: आधी शिकवलेल्या मेलमधल्या शब्दांवरून नवा मेल स्पॅम असण्याची शक्यता काढायची. आमच्या मते चुकीच्या वर्गीकरणाचं मूळ सूत्रात क्वचितच सापडतं. ते सापडतं शिकवायला दिलेल्या मेलच्या गठ्ठ्यांत, म्हणून सर्वांत जास्त वेळ तिथे द्यावा.

फिल्टर काय मोजतो

मेलमधला मजकूर, विषयाची ओळ, हेडर (मेल कुणाकडून, कुठून आला याच्या मेलसोबतच्या नोंदी) आणि दुवे यांचे तुकडे केले जातात. अशा एका तुकड्याला टोकन म्हणतात. प्रत्येक टोकन किती स्पॅम मेलमध्ये आणि किती खऱ्या मेलमध्ये आलं, याची नोंद डेटाबेसात राहते. नवा मेल आला की त्यातल्या टोकनांच्या जुन्या नोंदी काढून त्यावरून एक आकडा ठरतो. ० म्हणजे खरा, १ म्हणजे स्पॅम.

सहामी, ड्युमे, हेकरमन आणि होर्विट्झ यांनी १९९८ साली हा बेझियन मार्ग शोधनिबंधात मांडला. २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे तो घरोघरी पोचला. ग्रॅहम यांनी फक्त सर्वांत ठळक १५ टोकनं घेतली आणि खऱ्या मेलमधली मोजणी मुद्दाम दुप्पट धरली, म्हणजे चूक झालीच तर ती खऱ्या मेलच्या बाजूने व्हावी. पुढे गॅरी रॉबिन्सन यांनी हिशोबात ज्या दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्यांवर बोगोफिल्टर आणि स्पॅमबेझ हे फिल्टर उभे आहेत. त्या दुरुस्त्या समजल्या की फिल्टर कुठे चुकतो हेही समजतं, म्हणून एकदा कागदावर करून बघा.

समजा ४०० स्पॅम आणि ६०० खरे मेल शिकवले आहेत. 'बक्षीस' हा शब्द ८० स्पॅममध्ये आणि ३ खऱ्या मेलमध्ये आला. प्रमाणं झाली ०.२० आणि ०.००५. पहिलं प्रमाण दोघांच्या बेरजेने भागलं की येतात ०.९७६. आता असा शब्द घ्या जो आजवर एकाच मेलमध्ये आला आणि तो मेल स्पॅम होता. त्याचा आकडा सरळ १ येतो, म्हणजे एका साक्षीवर फाशी. रॉबिन्सन यांची पहिली दुरुस्ती इथे आहे: कमी वेळा दिसलेल्या शब्दाला मध्याकडे ओढायचं. मध्य ०.५ आणि त्याचं वजन १ धरलं, तर हिशोब असा: ०.५ मध्ये 'वेळा गुणिले आकडा' मिळवा आणि 'वेळा अधिक १' ने भागा. एकदाच दिसलेला शब्द १ वरून ०.७५ वर येतो. ८३ वेळा दिसलेलं 'बक्षीस' मात्र ०.९७ वरच राहतं, कारण त्याच्या मागे पुरावा आहे.

दुसरी दुरुस्ती टोकनं एकत्र करण्याची. साध्या पद्धतीत प्रत्येक टोकन स्वतंत्र साक्षीदार समजून सगळ्यांचे आकडे गुणतात. ०.९७ ची पाच टोकनं गुणली की 'स्पॅम असण्याची' बाजू तीन कोटी पटींपेक्षा जड होते. पण बँकेच्या खऱ्याखुऱ्या मेलमध्येही 'क्रेडिट', 'कार्ड', 'मोफत', 'अर्ज', 'आजच' हे शब्द हातात हात घालूनच येतात. पाच साक्षीदार दिसले तरी साक्ष एकच असते. त्यामुळे साधा गुणाकार ०.९९९९ किंवा ०.०००१ असेच आकडे देतो आणि चुकतो तेव्हाही ठामपणे चुकतो. रॉबिन्सन यांच्या पद्धतीत काय-वर्ग ही संख्याशास्त्रातली चाचणी दोनदा लावतात: एकदा 'हा स्पॅम आहे' याच्या पुराव्यासाठी, एकदा 'हा खरा आहे' याच्या पुराव्यासाठी. दोन्ही बाजू बळकट असल्या, किंवा दोन्ही दुबळ्या असल्या, तर आकडा ०.५ च्या आसपास थांबतो. फिल्टरला 'मला खात्री नाही' म्हणता येणं ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

दोन गठ्ठे

स्पॅमअसॅसिनचा बेझियन भाग किमान २०० स्पॅम आणि २०० खरे मेल शिकवल्याशिवाय मत देतच नाही. २०० ही सुरुवात समजा. प्रत्येकी हजारभर झाले की आकडे स्थिरावू लागतात.

दोन्ही गठ्ठे साधारण सारख्या आकाराचे हवेत. स्पॅम गोळा करणं सोपं असतं, खरे मेल वेचायचा कंटाळा येतो, आणि मग २००० स्पॅम आणि १०० खरे मेल अशी स्थिती होते. अशा वेळी 'ताळेबंद' हा साधा शब्द १०० खऱ्या मेलमध्ये योगायोगाने आलाच नाही आणि २००० स्पॅममध्ये दोनदा आला, तर वरच्या हिशोबाने त्याला ०.८३ मिळतात. हिशेबनिसाच्या पहिल्याच मेलमध्ये असे सात-आठ शब्द भेटले की तो मेल गेला. उलटही घडतं: दोन्हीकडे एकेकदाच आलेला शब्द प्रमाणांमुळे, मध्याकडे ओढण्याआधी, ०.०५ वर बसतो आणि स्पॅमला वाट करून देतो. गठ्ठा छोटा असला की त्यातली एकेक नोंद फार बोलते.

दोन्ही गठ्ठे एकाच काळातले आणि एकाच सर्व्हरवरचे असावेत. स्पॅम यंदाचं आणि खरे मेल तीन वर्षांपूर्वीचे असतील, तर फिल्टर तारखा, जुन्या सर्व्हरची नावं आणि सोडून गेलेल्या सहकाऱ्यांच्या सह्या शिकतो. कसोटीत तो झकास निकाल देतो आणि प्रत्यक्षात कोलमडतो. इंटरनेटवर मिळणारे तयार संग्रह याच कारणाने वापरू नयेत. ते जुने आहेत, इंग्रजी आहेत आणि तुमच्या कार्यालयाची भाषा त्यांत नाही. औषधविक्रेत्याच्या मेलमध्ये गोळ्यांची नावं रोजची असतात, पतसंस्थेच्या मेलमध्ये 'कर्ज' आणि 'व्याजदर' रोजचे असतात. हा फिल्टर उपयोगी पडतो तो नेमका एवढ्यासाठी, की तो तुमचा व्यवसाय शिकू शकतो. ती संधी घालवू नका.

गठ्ठ्यात काय घालू नये, हे जास्त महत्त्वाचं. आपणच कधीतरी मागवलेलं वार्तापत्र आता नकोसं झालं म्हणून 'स्पॅम' करणं हा सर्वांत सर्रास दिसणारा घोटाळा. वार्तापत्राची मांडणी, तळाची सूचना, पाठवणाऱ्या सेवेची हेडर हे सगळं रेल्वे, विमा आणि बँकेच्या मेलसारखंच असतं. तुम्ही एक शिकवता आणि हे बाकीचे सगळे मेल थोडे थोडे स्पॅमकडे सरकतात. तिथे सदस्यत्व रद्द करावं.

सहकाऱ्याने 'हे स्पॅम आहे' म्हणून फॉरवर्ड केलेला मेलही शिकवायचा नाही. फॉरवर्ड करताना मूळ हेडर जातात आणि सहकाऱ्याचं नाव, सही, आतला पत्ता त्यांच्या जागी येतात. मग फिल्टर त्या सहकाऱ्यालाच स्पॅम समजू लागतो. मूळ मेल आयमॅपवरून (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची सोय) सामाईक फोल्डरात हलवून घ्यावा. विषाणू तपासणारी यंत्रणा किंवा बाहेरचं गेटवे मेलमध्ये स्वतःची हेडर घालत असेल, तर स्पॅमअसॅसिनच्या 'बेझ इग्नोर हेडर' या सेटिंगमध्ये त्यांची नावं देऊन ती मोजणीतून वगळा. नाहीतर फिल्टर मेल वाचायचं सोडून त्या दुसऱ्या यंत्रणेच्या मताची नक्कल करतो.

देवनागरी मेल असेल तर

हे बहुतेक मार्गदर्शनात नसतं, आणि मराठी मेल चुकीच्या फोल्डरात जाण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या संकेतात, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरून. 'महाराष्ट्र' हा शब्द अशा हिशोबाने १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. टोकनच्या लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजणारा फिल्टर असे शब्द तोडतो किंवा टाकून देतो. इंग्रजी शब्द शाबूत आणि मराठी शब्दांची खांडोळी, असं झालं की मराठी मेलचा निकाल शेवटी हेडर आणि तळाच्या इंग्रजी मजकुरावर लागतो. आपल्या फिल्टरची ही मर्यादा तपासा आणि सेटिंगमधून वाढवता येत असेल तर वाढवा. स्पॅमअसॅसिनमध्ये 'नॉर्मलाइज कॅरसेट' चालू ठेवा, म्हणजे वेगवेगळ्या संकेतांतले मेल आधी एकाच संकेतात येतात.

पायथनमध्ये स्वतः फिल्टर लिहिणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तिथल्या नेहमीच्या रेगेक्समधलं (मजकुरातला नमुना शोधायची खूण-भाषा) 'शब्दाचं अक्षर' हे चिन्ह काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे पडतात. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीची मूळ टोकन-रचना दोन अक्षरांहून लहान तुकडे फेकून देते, तेव्हा हाती उरतो फक्त 'मर'. चूक कुठेही दाखवली जात नाही, प्रोग्रॅम चालतो, निकाल मात्र वाईट येतात. मोकळी जागा आणि विरामचिन्हं यांवरून शब्द तोडा, किंवा सलग तीन ते पाच चिन्हांचे तुकडे टोकन म्हणून घ्या.

मराठीला तुकड्यांचा मार्ग एरवीही मानवतो. 'खाते', 'खात्याचे', 'खात्यातून', 'खात्यावरील' ही फिल्टरच्या लेखी चार निराळी टोकनं आहेत आणि प्रत्येकाची नोंद चौथाई होते. तुकड्यांमध्ये 'खात' हा भाग सामाईक राहतो. शब्दांवरच चालणारा फिल्टर असेल, तर मराठी मेलचा गठ्ठा इंग्रजीपेक्षा मोठा ठेवावा लागतो.

लेखनातले दुहेरी संकेतही जुळवून घ्या. 'दऱ्या' हा शब्द स्वतंत्र ऱ वापरून लिहिता येतो, तसाच र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून 'दर्‍या' असाही. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसात दोन टोकनं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करत नाही. तो नियम स्वतः घालावा लागतो. स्पॅमवाले शब्द फोडायला अदृश्य चिन्हं पेरतात म्हणून ती सरसकट पुसली जातात, पण मराठीत आधी हा बदल करून मगच पुसा. नाहीतर डोंगरातल्या 'दऱ्या' आणि समुद्र अर्थाचा 'दर्या' एक होऊन बसतात. शिकवताना जे केलं तेच तपासतानाही व्हायला हवं.

शिकवणं

स्पॅमअसॅसिनमध्ये सा-लर्न ही आज्ञा आहे. तिला 'स्पॅम' किंवा 'हॅम' हा पर्याय आणि फोल्डर द्यायचं. हॅम म्हणजे खरे मेल. चुकीचा शिकवला असेल तर तोच मेल बरोबर पर्यायाने पुन्हा द्या, ती जुनी नोंद स्वतः काढते. बोगोफिल्टरमध्ये तसं नाही. तिथे आधी चुकीच्या बाजूची नोंद मोठ्या अक्षराच्या पर्यायाने काढावी लागते आणि मग योग्य बाजूला घालावी लागते. फक्त दुसरी पायरी केली तर मेल दोन्ही बाजूंना मोजला जातो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक वापरकर्त्याची आहे. सा-लर्न रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवलं आणि मेल तपासणारी सेवा दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालत असली, तर डेटाबेस दोन होतात. एकाला शिकवलं जातं, दुसऱ्याला विचारलं जातं. म्हणून शिकवून झाल्यावर, सेवा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच वापरकर्त्याने सा-लर्नचा 'डंप मॅजिक' पर्याय चालवा. त्यात स्पॅम आणि हॅम किती शिकले गेले ते आकडे दिसतात. ते शून्य असतील किंवा वाढत नसतील तर पुढचं सगळं थांबवून आधी हे दुरुस्त करा.

स्पॅमअसॅसिन आपोआपही शिकतो. त्यातल्या इतर ठरीव नियमांनी मेलला संशयाचे ०.१ पेक्षा कमी गुण दिले की खरा, आणि १२ किंवा त्याहून जास्त दिले की स्पॅम, अशा मूळ मर्यादा आहेत. वरची ठीक आहे. खालची धोक्याची, कारण नव्या धाटणीचं स्पॅम नियमांना माहीतच नसतं, त्याला शून्य गुण मिळतात आणि ते 'खरा मेल' म्हणून शिकलं जातं. पहिले काही आठवडे आपोआप शिकणं बंद ठेवा. नंतर चालू केलंत तर खालची मर्यादा शून्याच्या खाली, उणे १ च्या आसपास न्या.

रोजच्या कामात प्रत्येक मेल शिकवायची गरज नाही. चुकलेले आणि 'खात्री नाही' मध्ये पडलेले मेल शिकवा. एकच मेल फिल्टर मान डोलवेपर्यंत पुन्हा पुन्हा शिकवू नका. त्यातल्या योगायोगाच्या शब्दांना भलतं वजन येतं.

डव्हकॉट हा आयमॅप सर्व्हर असेल तर त्याला आयमॅपसिव्ह ही जोडणी लावून, मेल जंकमध्ये हलवला की स्पॅम आणि जंकमधून बाहेर काढला की खरा, असं आपोआप शिकवता येतं. फक्त जंकमधून कचरापेटीत गेलेला मेल यातून वगळा. तो वगळला नाही तर जंक रिकामं करणारा प्रत्येक जण शेकडो स्पॅम 'खरे' म्हणून शिकवत राहतो. थंडरबर्डमध्येही जंकचा शिक्का मारण्याबरोबर चांगल्या मेलवर 'जंक नाही' असा शिक्का मारावा लागतो. नुसतं जंक दाखवत राहिलं तर त्याच्याकडे तुलनेला दुसरा गठ्ठाच नसतो.

रेषा कुठे ओढायची

एकच रेषा ओढू नका, दोन ओढा. स्पॅमबेझमध्ये मूळ मर्यादा ०.२० आणि ०.९० आहेत; बोगोफिल्टरमध्ये ०.४५ आणि ०.९९. वरच्या रेषेपलीकडचं स्पॅमच्या फोल्डरात, खालच्या रेषेखालचं इनबॉक्सात, मधलं 'तपासा' नावाच्या वेगळ्या फोल्डरात. हे मधलं फोल्डर रोज एकदा बघायचं, आणि त्यात पडलेला प्रत्येक मेल दोहोंपैकी एका बाजूला शिकवायचा. फिल्टर सर्वांत जास्त शिकतो तो इथूनच.

स्पॅमअसॅसिनमध्ये बेझियन आकडा थेट निकाल देत नाही, त्याचे गुण होतात. ९९ टक्क्यांच्या वरच्या मेलला मूळ मांडणीत ३.५ च्या आसपास गुण मिळतात आणि स्पॅम ठरायला ५ लागतात. म्हणजे एकट्या शब्दांवरून मेल बाद होत नाही, सोबत आणखी काही संशयास्पद लागतं. ही रचना शहाणपणाची आहे. पुरता शिकवलेला नसताना हे गुण ५ वर नेण्याचा मोह टाळा. आणि रेषा कुठेही असली तरी मेल सर्व्हरवरच नष्ट करू नका. किमान महिनाभर स्पॅमच्या फोल्डरात राहू द्या.

मोजून बघा

मेल तारखेप्रमाणे लावा. जुने तीन चतुर्थांश शिकवायला, नंतरचे एक चतुर्थांश तपासायला. सरमिसळ करून निवडू नका: एकाच मोहिमेतले जुळे मेल दोन्हीकडे जातात आणि फिल्टर पाठ केलेलंच उत्तर देतो.

अचूकतेचा एकच टक्का काढून समाधान मानू नका. चार आकडे वेगळे लिहा: पकडलेलं स्पॅम, सुटलेलं स्पॅम, पोचलेले खरे, अडकलेले खरे. शेवटचा आकडा सर्वांत आधी बघायचा. तो शून्य आला तरी किती मेलांवर आला ते महत्त्वाचं. ३०० खऱ्या मेलांत एकही अडकला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे; ३ ला तपासलेल्या मेलांच्या संख्येने भागून ही वरची मर्यादा मिळते. हजारात एकाहून कमी म्हणायचं असेल तर ३००० खरे मेल बिनचूक जायला हवेत.

एखादा मेल चुकला तर

अंदाज बांधू नका, टोकनं बघा. बोगोफिल्टरचा सविस्तर पर्याय तीनदा दिला की तो प्रत्येक टोकनचे आकडे छापतो. स्पॅमअसॅसिनमध्ये 'हॅमीटोकन्स' आणि 'स्पॅमीटोकन्स' हे साचे वापरून ठळक टोकनं हेडरमध्ये घालता येतात. यादीत वरच्या जागी एखाद्या सहकाऱ्याचं नाव किंवा आतल्या सर्व्हरचं नाव स्पॅमच्या बाजूला दिसलं, तर कुणीतरी फॉरवर्ड केलेले मेल शिकवलेत. वार्तापत्राच्या तळातले शब्द दिसले, तर गठ्ठ्यात नकोशी वार्तापत्रं आहेत. ठळक टोकनंच नसली आणि आकडा ०.५ जवळ असला, तर एकतर मजकूर चित्रात आहे किंवा देवनागरी नीट तुटत नाही.

स्पॅमच्या तळाशी कादंबरीतून उचलल्यासारखे असंबद्ध परिच्छेद दिसतात. त्यांतले बहुतेक शब्द तुमच्या खऱ्या मेलमध्ये नसतात, त्यामुळे त्यांनी स्पॅम सहसा सुटत नाही. त्यांचा त्रास वेगळा आहे: असे शेकडो मेल शिकवले की रोजचे शब्द हळूहळू मध्याकडे सरकतात आणि खऱ्या मेलची बाजू दुबळी होते. यावर औषध एकच, त्याच काळात खरे मेलही तेवढेच शिकवत राहणं.

स्पॅमअसॅसिनच्या डेटाबेसात मूळ मर्यादेने दीड लाख टोकनं राहतात आणि बराच काळ न दिसलेली काढली जातात. वर्षातून एकदाच येणारे मेल, जसं लेखापरीक्षणाची पत्रं किंवा वार्षिक सभेच्या सूचना, इथे मार खातात, कारण त्यांचे शब्द तोवर पुसले गेलेले असतात. गेल्या वर्षीचे असे पंधरा-वीस मेल एका फोल्डरात जपून ठेवा आणि हंगाम सुरू होण्याआधी आठवडाभर ते विसरायला लावून, म्हणजे 'फर्गेट' पर्याय देऊन, पुन्हा 'हॅम' म्हणून शिकवा. एकदा शिकलेला मेल नुसता पुन्हा दिला तर सा-लर्न तो ओळखून वगळू शकते, म्हणून आधीचा 'फर्गेट' सोडू नका.

आणि गठ्ठेच बिघडलेत असं टोकनांवरून स्पष्ट दिसलं, तर डागडुजी करत बसू नका. डेटाबेस पुसा, गठ्ठे हाताने चाळा, जुन्यांतून नवे वेचा आणि पहिल्यापासून शिकवा. प्रत्येकी हजार मेल चाळायला एक दुपार लागते.